नाव घातलेला डबा

मालिनीला एक खोड होती. जेवताना समोर कोणी दिसलं की "या जेवायला" म्हटल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. नागपूरची सवय ती. कॅलिफोर्नियात येऊनही सुटली नव्हती. तसं हे बोलावणं कोणी मनावर घेत नाही. समोरचा "चालू द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याने, नरेंद्रने, भाड्याची कॅम्पर व्हॅन घेतली. मेंडोसिनो गावाच्या अलीकडे, समुद्राला चिकटून जाणाऱ्या रस्त्यावर, एका कड्याशी थांबून तो, मालिनी आणि त्यांची पाच वर्षांची लेक वीणा दशम्या खात बसले होते. कठड्यापलीकडे एक म्हातारा पाठमोरा उभा होता, अंगात चिंब भिजलेला लोकरीचा कोट.

"या जेवायला," मालिनी बोलून गेली.

नरेंद्र हसला. "अगं, त्याला काय कळणार?"

म्हातारा वळला. "चालू द्या" मात्र म्हणाला नाही. तेवढ्यात धुकं आलं. ते सरलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. कठड्यापलीकडे उभं राहण्याइतकी जागाही नव्हती.

त्यानंतर गाडी चढावर कुरकुरू लागली. "जड लागतेय यार. मागे काय भरलंयस?" नरेंद्र म्हणाला. आत ओल्या लोकरीचा वास येत होता आणि उरलेल्या दशम्या संपल्या होत्या. मालिनीने संशयाने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने लेकीकडे. वीणा मागच्या बाकावर अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"नीट बस की गं."

"आय कान्ट, आई... ही इज सो कोल्ड."

बाक रिकामा होता. पण गादी मधोमध दबली होती. मालिनीने नरेंद्रचा खांदा धरला.

"अहो... गाडी थांबवा."

पंगतीतल्या माणसाला दहीभात वाढला की जेवण संपतं, एवढं तिला ठाऊक होतं. दहीभाताचा स्टीलचा डबा तिने रस्त्याकडेच्या दगडावर उघडून ठेवला. "सावकाश जेवा," ती पुटपुटली. "पण इथेच. माझ्या लेकराला सोडा..."

मग वीणाला घट्ट धरून ती बाकाकडे बघत राहिली. गादी हळूहळू वर आली. डबा तिथेच टाकून ते निघाले. गाडी हलकी पळू लागली, आणि मालिनीला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

दिवस मावळता मावळता ते दूरच्या कॅम्पग्राउंडवर पोचले. नरेंद्र पाणी आणायला उतरला आणि दारातच थबकला.

"तू डबा खरंच तिथे ठेवलास?"

डबा व्हॅनच्या पायरीवर होता. लख्ख घासलेला, झाकण लावलेला. वर तिच्या आईने लग्नात घातलेलं नाव: सौ. मालिनी.

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. हाही रिकामा नव्हता. आत समुद्राचं पाणी होतं आणि पाण्यात केसांची लाल क्लिप, गंजलेली, शेवाळलेली, वर्षानुवर्षं बुडून राहिलेली. तुटलेल्या टोकाला मालिनीने स्वतःच्या हातांनी गुंडाळलेला पिवळा दोरा होता.

तीच क्लिप, तोच दोरा, या क्षणी वीणाच्या केसांत होता.

"आई," वीणा म्हणाली, "ही टोल्ड मी टू टेल यू समथिंग." आणि आठवून आठवून, एकेक अक्षर जपत तिने सांगितलं, "या... जेवायला."