दुपारच्या वाट्याचं पाणी

माझी धाकटी बहीण सुलोचना फोनवर कधी काही मागत नाही. मस्कतहून तिच्या गावी निघताना मी विचारतो, काय आणू, आणि ती म्हणते, काही नको, तू ये. मग मी आमच्या रुवी भागातल्या दुकानातून भाकरवडी, काळा मसाला आणि भाचीसाठी एखादं मराठी गोष्टींचं पुस्तक नेतो. भाची रेवा ते शिष्टाचार म्हणून पहिल्या पानापर्यंत वाचते. २०१४च्या मे महिन्यात मात्र सुलोचनाने पहिल्यांदाच मागणी केली.

"दादा, पाणी आण. गाडीत मावेल तेवढं."

मी विचारलं, तिथे पाणी नाही का.

"आहे. तू आण."

गावाचं नाव लिहीत नाही. इब्रा शहर मागे टाकलं की हायवेला एक फाटा फुटतो, त्या फाट्यावर काळ्या टेकड्यांच्या आड ते आहे. पुढे नव्या पांढऱ्या बंगल्यांची रांग, मागे पडकी मातीची घरं, मध्ये खजुरांची बाग आणि बागेतून फिरणारा फलज, म्हणजे डोंगराच्या पोटातून काढलेला पाट. पाण्याचे वाटे सावलीवर चालतात. चौकात एक खांब आहे, त्याच्या भोवती जमिनीत दगड रोवलेत. सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की एकाचा वाटा संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. कुणीतरी उठतो, पाटाच्या तोंडातला चिंध्या गुंडाळलेला दगड काढून दुसऱ्या तोंडात बसवतो आणि परत येऊन कहवा पितो.

मागच्या हिवाळ्यात मी एक अख्खी सकाळ तिथे बसलो होतो. कप हलवून दाखवेपर्यंत ते लोक कहवा ओततच राहतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पीत राहिलो, ते ओतत राहिले, आणि म्हाताऱ्यांची चांगली करमणूक झाली. पाण्याचा कारभार पाहणारा हिलाल तरुणपणी गलबतावरून मुंबईला ये-जा करायचा, त्याचं हिंदी माझ्यापेक्षा साफ होतं. त्याने मला जेवायला घरी नेलं. मी एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालण्याचा मला पगार मिळतो. अशा माणसाला एखादं गाव आवडणं ही मोठी गोष्ट आहे. मला ते आवडलं होतं.

या खेपेला मी गाडीत पाण्याचे कार्टन भरून शुक्रवारी सकाळी पोचलो. खांबापाशी बसलेल्यांना हात केला. ते उठले आणि कप तिथेच टाकून गल्लीत गेले. अलीमियाँ हा बांगलादेशी शिंपी गेल्या वेळी माझी पँट फुकटात आखूड करून देणारा माणूस. त्याने मला पाहून शटर निम्मं खाली ओढलं. शटरखालून त्याचे पाय दिसत राहिले. ते हलत नव्हते.

मुनीरच्या टपरीवजा हॉटेलात मी चहा मागितला. मुनीर मलबारी आहे, कारण ओमानमध्ये चहा करणारा माणूस दुसरा कुठला असू शकत नाही. चहा मिळाला, कागदी कपात, काउंटरवरून लांबून सरकवून. मग पाणी मागितलं.

"पानी खलास."

त्याच्या पाठीमागच्या फ्रिजमध्ये बाटल्या वरपर्यंत रचलेल्या होत्या. मी बोट दाखवलं. त्याने वळून फ्रिजकडे पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे, आणि म्हणाला, "वो बिक गया."

आडनाव ऐकल्यावर पाण्याचा तांब्या आत नेणारी माणसं मी लहानपणी पाहिलेली आहेत. पण तिथे निदान आडनाव विचारायची रीत होती.

सुलोचना गावच्या आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. तिचा नवरा प्रेमानंद दुक्मला प्रोजेक्टवर इंजिनीअर. महिन्यातून एकदा कानात वाळू घेऊन येतो आणि झोपून परत जातो. दार तिनेच उघडलं. तिच्या मागे हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या, पातेली, कुकर, डबे, प्लास्टिकचा बाथटब, एक फुलदाणीसुद्धा. सगळं पाण्याने भरलेलं आणि वर ताटल्या झाकलेल्या. भिंतीवरचे बाबासाहेब या सगळ्याकडे पाहत होते.

सोफ्यावर रेवा होती. सात वर्षांची मुलगी. तिचे ओठ फुटून काळे पडले होते आणि हाताची कातडी म्हाताऱ्या बाईसारखी झाली होती.

"मामा, हाय," ती म्हणाली. आवाज वाळूवरून गोणपाट ओढल्यासारखा आला. मग तिने शेजारची बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

साखर तपासली, मूत्रपिंड तपासलं, मस्कतला रक्त पाठवलं, असं सुलोचनाने सांगितलं. सगळं नॉर्मल. सलाईन लावलं तर बाटली संपायची आणि मुलगी होती तशीच कोरडी राहायची. "रिपोर्ट पाहिले तर हिला शाळेत पाठवायला हवं," ती म्हणाली. "आणि मी हिला बघतेय, तर ही आठवडा काढेल असं वाटत नाही."

मग तिने बाकीचं सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तिच्या घरामागे भिंत घातलेला एक रिकामा तुकडा आहे. आत झाड नाही, गवत नाही. भिंतीला पाण्यासाठी एक भोक आहे. दुपारच्या बांगेपासून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, बांगेपर्यंतचा वाटा, म्हणजे दिवसातला सगळ्यात मोठा, रोज त्या तुकड्यात जातो. इतकं पाणी आत जाऊनही जमिनीला भेगा असतात. शेजारी बिलकीस नावाची म्हातारी विधवा राहते. तिचा वाटा अगदीच चिमूटभर, आणि तिचं लिंबाचं झाड वाळत चाललेलं. सुलोचनाने हिलालला विचारलं होतं, हा तुकडा कुणाचा. तो म्हणाला, उसका. किसका? उसका.

आम्ही लातूरकडचे. नळाला आठवड्याने पाणी यायचं. आणि आमचे वडील भीमराव दर वीस मार्चला आम्हाला महाडच्या तळ्यावर न्यायचे, ओंजळ भरून प्यायला लावायचे, आणि पाण्यावर कुणाचीही मालकी नसते हे आमच्याकडून म्हणून घ्यायचे. त्या घरातल्या मुलीला 'हे पाणी राखीव आहे, कुणाचं ते विचारू नका' असं सांगणं म्हणजे गॅस चालू ठेवून काडी ओढणं.

एका दुपारी गाव झोपलं असताना सुलोचना रेवाला घेऊन पाटावर गेली, दगड उचलला आणि ते पाणी लिंबाच्या झाडाकडे वळवलं. रेवा पाटात पाय सोडून बसली होती. तिथे मी असतो तर मीही दगड उचलायला हात लावला असता.

झाड दुसऱ्याच दिवसापासून पानं गाळू लागलं. आठवड्यात काटकी झाली. बिलकीस भांडली नाही. तिने फक्त दोन्ही घरांच्या मधलं दार विटा लावून बुजवून घेतलं.

"मी दगड परत ठेवला," सुलोचना म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. उपयोग नाही झाला."

मी विचारलं, कशाचा उपयोग. तेवढ्यात दुपारची बांग सुरू झाली. ती उठली आणि रेवाच्या शेजारी जाऊन बसली.

"आता तूच बघ."

मी कामाच्या सवयीने वागलो. मी आणलेली बाटली फोडून काचेचा ग्लास भरला, टेबलाच्या मधोमध ठेवला, खाली पेपर-नॅपकिन पसरला. एसीचा झोत त्यावर येत नाही हे हात धरून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसलो. बाहेर गाव गप्प होतं. एक कबूतर घुमत होतं, तेही थांबलं.

ग्लासातलं पाणी कमी झालं.

नॅपकिन कोरडा होता. आटलं म्हणावं, तर आटताना पाणी हलत नाही. हे हलत होतं. एका कडेला किंचित कलायचं, थांबायचं, पुन्हा कलायचं. कुणी घाई न करता पितं, तसं.

ग्लास टेबलावरच होता.

सुलोचना भांड्यांवरच्या ताटल्या उचलत फिरत होती. पातेली कोरडी. कुकर कोरडा. बाथटबच्या तळाशी थोडं होतं, ते आमच्या डोळ्यांदेखत एका कोपऱ्यात गोळा झालं आणि गेलं. तिने माझे कार्टन फोडायला घेतले. ती ओतत होती, मी ओतत होतो. ती वॉर्डात करतात तसं काम करत होती, चेहऱ्यावर काही न आणता.

"भांड्यांत आहे तोवर हिला सोडतं," ती म्हणाली.

भांड्यांतलं संपलं.

नळ सोडला. नळाने खोकल्यासारखा आवाज केला.

रेवाने तोंड उघडलं. जीभ आत वळली होती. ती रडत होती, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. गाल कोरडे होते. माझ्या हातातला तिचा हात हलका होत गेला, वाळत घातलेल्या कपड्यासारखा.

मी तिचं नाव घेत राहिलो.

असरची बांग झाली.

रेवाने श्वास घेतला. नळातून पाणी आलं, भळाभळा, नेहमीसारखं.

सामान भरायला आम्ही वेळ घालवला नाही. रेवाला चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर सुलोचनाच्या मांडीवर घेतलं. गाडी मागे घेताना तो रिकामा तुकडा दिसला. भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत पाणी साचलं होतं. हिरवं झालं होतं, त्यावर चतुर फिरत होते. बरेच दिवस तिथलं पाणी कुणी प्यायलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी सगळं गाव उभं होतं. पुरुष पुढे, बायका दारांत, अलीमियाँ, मुनीर. कुणाच्या हातात काही नव्हतं. मी मनात म्हटलं, आता हे आडवे येणार. हिलाल पुढे झाला आणि गाडीपासून चार हात अंतर ठेवून थांबला. मी काच खाली केली.

"किधर ले जाता है?"

मी सांगितलं, मस्कत.

"उधर पानी बहुत है?"

मी मस्कतबद्दल विचार केला. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारे कारखाने, रस्तोरस्ती फिरणारे निळे टँकर, आमच्या आठ मजली इमारतीवरची टाकी. मी म्हटलं, बहुत है.

त्याने मागे वळून अरबीत दोन शब्द सांगितले. त्या दिवसात पहिल्यांदाच मला तिथे कुणी हसताना दिसलं. लोक बाजूला झाले. मुनीर धावत गेला आणि फ्रिजमधल्या बाटल्या कवेत आणून आमच्या डिकीत भरू लागला. मी पाकीट काढलं तर त्याने कानाच्या पाळीला हात लावला. बिलकीस तिच्या दारातून आमच्याकडे बोट करून काहीतरी पुटपुटत होती. तो आशीर्वाद होता की मोजणी, हे मला कळलं नाही. हिलालने बोनेटवर थाप मारली.

"यल्ला," तो म्हणाला. "जल्दी ले के जाओ."

रुवीत रेवा दोन दिवसांत उठून बसली. आठवड्यात तिच्या ओठांवरच्या खपल्या पडल्या. दुपारच्या बांगेला सुलोचना स्वयंपाकघरात ग्लास भरून समोर बसायची. ग्लासाला काही झालं नाही. प्रेमानंद दुक्महून येऊन मुलीला पाहून गेला. त्याला आम्ही डीहायड्रेशन सांगितलं, जे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. सुलोचनाने नोकरी सोडल्याचं कळवलं आणि रुवीतल्या एका क्लिनिकमध्ये अर्ज दिला.

इमारतीचा वॉचमन गुलजार मात्र वैतागला होता. सकाळी टँकर रिकामा करून घेतला तरी दुपारी वरची टाकी ठणठणीत. त्याने फ्लोट बदलला, प्लंबर आणला, गच्चीवर उन्हात उभा राहून पाइप हुंगले. गळती कुठेच नव्हती. शेवटी दोन टँकर लावले आणि विषय मिटला, म्हणजे त्याच्यापुरता मिटला. मी ऑफिसात गळतीच्या कलमाखाली हे कुठे बसतं का पाहिलं. बसत नाही.

मग जूनमध्ये भर दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची मनाली, चिपळूणची, कडेवर दीड वर्षाचा केयूर. नर्स राहायला आल्याचं तिला गुलजारकडून कळलं होतं. बाळ चार दिवस सारखं दूध मागतं आणि तरी किरकिरतं, म्हणाली. जरा बघता का.

केयूरचे ओठ फुटले होते. कडेने काळे होते.

सुलोचनाने त्याची हनुवटी बोटाने वर केली. बराच वेळ पाहिलं. मी तिच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय म्हणतो याची वाट पाहिली.

"एसीमुळे होतं गं," ती मनालीला म्हणाली. "लोणी लाव रात्री."

मनालीचा जीव भांड्यात पडला. तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये आलात ते किती बरं झालं ताई, म्हणाली. सुलोचना हसली आणि दार लोटू लागली.

आत बाथरूममध्ये रेवा सकाळपासूनची दुसरी आंघोळ करत होती. शॉवर पूर्ण सोडलेला, आणि ती मोठ्याने गात होती. केयूरचं किरकिरणं थांबलं. आईच्या खांद्यावरून मान वळवून तो दाराच्या फटीतून त्या आवाजाकडे बघत राहिला, दार लागेपर्यंत.