चादरींच्या खोलीतला पाहुणा

कपडे धुण्याच्या खोलीचं दार मी पायानंच ढकललं, कारण दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत चादरी होत्या. आत कुणीतरी जमिनीवर बसलं होतं... कपडे वाळवायच्या मशीनला पाठ टेकून, डोळे मिटून.

"मशीन बंद झालंय," मी म्हणाले.

"माहीत आहे." डोळे न उघडताच उत्तर आलं. "गरम आहे अजून. म्हणून बसलोय."

"मला चादरी टाकायच्यात त्यात."

"टाका ना. मी मान वाकवतो, वरून टाका."

मला हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच. बाहेर आठवडाभर नुसती भुरभुर चालली होती आणि त्या घरात कोरडी, उबदार अशी ती एकच जागा होती. पाहुण्यानं ती बरोबर हेरली होती.

सैनिकी इस्पितळाच्या मागच्या गल्लीत आमचं हे विश्रामघर आहे. जखमी जवानांचे नातेवाईक इथे राहतात आणि सगळं काम आम्ही स्वयंसेवक करतो. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात "हे नीट दिसतं, की हे?" असं विचारत उभी असते. संध्याकाळी इथे येऊन चादरी बदलते. माझे बाबा या इस्पितळात होते तेव्हा हे घर नव्हतं. आई आणि मी बाहेरच्या बाकावर झोपायचो. ते बाक माझ्या पाठीला अजून आठवतं, म्हणून येते.

तो आला होता धाकट्या भावासाठी. भाऊ जवान. सीमेवर जखमी झाला आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हा स्वतः गावाकडे गाडी चालवायला शिकवायचा.

"म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन शेजारी बसायचं," तो म्हणाला. "पण एक ब्रेक माझ्याही पायाखाली असतो. इथे तोही नाही हो."

एवढं बोलून तो उठला आणि चादरीची दोन टोकं हातात घेतली.

चादरीची घडी घालताना दोन माणसांना जवळ यावंच लागतं. लांब उभं राहून ताणायची, मग चालत येऊन टोकं जुळवायची. पहिल्या चादरीला त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. दुसऱ्या चादरीला मी खाली बघितलं. तिसऱ्या चादरीला... तोही खाली बघत होता, आणि आमची डोकी आपटली.

"लागलं?"

"नाही," मी कपाळ चोळत म्हणाले. "शिकाऊ दिसताय."

"गाडीला 'शिकाऊ' अशी पाटी लावतात. मी गळ्यात अडकवतो."

मग रोज संध्याकाळी तो यायला लागला. भावाजवळ दिवसभर हसरा चेहरा करून बसायचा, आणि इथे आला की तो चेहरा उतरवून ठेवायचा. आम्ही फारसं बोलायचोही नाही. चार चादरींना जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट लागायला लागला, एवढंच.

एकदा मी दारात थबकले. तो फोनवर बोलत होता. "हो आई, प्लास्टरच आहे. हाड जुळेल म्हणतात. हो, जेवला. हसतोय की! ...नाही, तू नको येऊस. दगदग कशाला?"

फोन ठेवून तो भिंतीला टेकला.

"तुम्ही आईंना सांगितलंच नाहीये?" मी विचारलं.

"तिचं ब्लडप्रेशर... तुम्हाला नाही कळायचं."

"मलाच कळेल. बाबांच्या वेळी काका आम्हाला 'किरकोळ आहे' सांगत राहिले. आम्ही पोचलो तेव्हा बाबा आईला ओळखतही नव्हते. आईनं काकांना शेवटपर्यंत माफ केलं नाही."

त्याचा आवाज एकदम चढला. "तुम्ही इथे चादरी बदलायला येता ना? तेवढंच करा."

मी तेवढंच केलं. पुढचे दोन-तीन दिवस त्याची धुतलेली चादर दाराबाहेर ठेवली आणि पुढे गेले. घड्या एकटीनंच घातल्या, वाकड्यातिकड्या. गुंतायचं नसतं, ही माणसं जायलाच आलेली असतात, असं स्वतःला बजावत राहिले. पण अंगातलं सगळं बळ कुणीतरी पिळून काढल्यासारखं वाटत होतं.

आणि मग तो दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आज भावानं विचारलं, आई का येत नाही? लंगड्या मुलाकडे बघवणार नाही का तिला? ...मी तिला जपत होतो. आणि तो असा विचार करत पडला होता."

मी हातातली उशी खाली ठेवली.

"आता फोन लावतोय. तुम्ही... इथेच बसाल?"

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यानं सांगितलं. सगळं, एका दमात. फोन स्पीकरवर होता.

"कुठला पाय?" आईचा आवाज आला.

"डावा."

"बरं. उद्या सकाळच्या गाडीनं येते." आणि थोडं थांबून, "तू रडू नकोस रे. आता त्याच्याकडे बघू दे मला."

तो तरीही रडला. मी त्याचा हात धरला, आणि मशीन फिरायचं थांबलं तरी तो सोडवून घ्यावा असं दोघांनाही वाटलं नाही.

आई आली. लहानखुरी बाई. ओल्या चपलांनिशी थेट वॉर्डात गेली आणि मुलाच्या उरलेल्या पायाला तेल लावत बसली. त्या दिवशी भाऊ पोटभर जेवला. पुढे कुबड्या घेऊन आमच्या विश्रामघराच्या व्हरांड्यात यायला लागला आणि जीभही सैल सुटली.

"दादा, हल्ली तुझ्या अंगाला साबणाचा वास येतो रे. एवढे कपडे कुणाचे धुतोस?"

दादा लाजला. आई माझ्याकडे बघत होती. मी सूप वाढत राहिले, वाटीबाहेर.

भावाला घरी सोडायचा दिवस रविवारचा ठरला. ड्रायव्हरसकट ठरवलेली भाड्याची गाडी दाराशी आली तेव्हा मी मुद्दामच कपड्यांच्या खोलीत होते. तो शोधत आलाच.

"निरोप द्यायला नाही यायचं?"

"मी दमलेय हो," मी म्हणाले. "हसून हात हलवायचा आणि वळून त्याच माणसांच्या उशांचे अभ्रे काढायचे. रोज तेच. तुमचा नाही काढता येणार मला."

"मग नको काढूस."

तो पहिल्यांदाच माझ्याशी 'तू' म्हणून बोलला होता. त्याच्याही लक्षात आलं. कान लाल झाले.

"ऐक... मला तू आवडतेस. पण घरी आता भाऊ, आई, त्याचा नवा पाय, पुन्हा चालायला शिकवणं... वर्षभर तरी मी असाच दमलेला असणार. असला माणूस चालेल?"

"ताजातवाना मला झेपलाच नसता."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे हो." मग जिभेवर जड झालेला तो एवढासा शब्द मी उच्चारला. "तूच."

बाहेर हॉर्न वाजला. "अहो दादा!" भाऊ पुढच्या सीटवरून ओरडत होता. "तिथेच संसार थाटलात का?"

आम्ही बाहेर आलो. मी दाराशी थांबायचं, त्यानं गाडीत बसायचं, असंच व्हायचं होतं. पण आईनं मागचं दार उघडलं, मधल्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि हात पुढे केला.

"चल, घर बघून ये. आज दुकानाला सुट्टीच ना तुझ्या? हा सोडेल संध्याकाळी."

मी अॅप्रन काढून कठड्यावर टाकला आणि आत बसले, त्या दोघांच्या मध्ये. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. त्यानं माझा हात हातात घेतला, आईनं खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं आणि माझ्या गुडघ्यांवर आपली शाल पसरली.

"झोप जराशी," ती म्हणाली. "रस्ता लांब आहे."

माझी आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी डोळे मिटले.