पाइप भरलेला आहे

नायलॉनचा रेनकोट घालून तेलाच्या जेट्टीवर जायचं नसतं, हे मी गेटपर्यंत पोचले तरी मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगचा पहिला दिवस. आभाळ सकाळपासून नुसतं गळत होतं, आणि मी आईने घेऊन दिलेल्या नव्या निळ्या रेनकोटात अगदी ऐटीत चालले होते. गेटच्या आत उभ्या असलेल्या एका उंच माणसाने हात आडवा धरला.

"हा काढून ठेवा."

"पाऊस पडतोय," मी म्हणाले.

"दिसतोय मला. पण नायलॉन अंगावर घासलं की ठिणगी उडू शकते. आणि पुढे जे उभं आहे ना..." त्याने धुरकट पावसातल्या तेलाच्या जहाजाकडे मान वळवली, "त्याला ठिणगी आवडत नाही."

मी रेनकोट काढला आणि दोन मिनिटांत चिंब झाले. त्याने स्वतःचा जाड सुती कोट उतरवून माझ्या हातात दिला आणि शर्टावरच पुढे चालायला लागला. कोटाच्या बाह्या माझ्या बोटांपुढे वीतभर लोंबत होत्या. त्याची भिजलेली पाठ तेवढी समोर दिसत होती, आणि का कोण जाणे, मी ती बराच वेळ बघत राहिले...

ट्रेनिंग सहा आठवड्यांचं होतं. जहाजाने आणलेलं तेल नीट मोजायचं, आणि किनाऱ्यावरच्या टाकीत ते कमी भरलं तर कुठे, किती आणि का कमी भरलं ते शोधून काढायचं, एवढंच शिकायचं. आम्ही चौदा जण, त्यात मुलगी मी एकटी. वर्गात एक निवृत्त कप्तान शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. आणि जेट्टीवरचं प्रत्यक्ष काम शिकवायला होता तो कोटवाला. बॅचने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'मिलिमीटर' ठेवलं. कारण टाकीचं प्रत्येक माप तो तीनदा घ्यायला लावायचा, आणि तिन्हींत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पोलादी टेपच्या टोकाला पितळी ओळंबा असायचा. तो टाकीत हळूहळू सोडायचा, तळाला टेकला की हाताला कळायला हवं, आणि वर ओढून तेलाची रेघ वाचायची. माझा ओळंबा पहिल्यांदा धाडकन तळाला आपटला.

"मॅडम, टेप सोडताय की विहिरीत बादली?"

"बादलीच बरी. तिला कुणी तीनदा बुडवायला लावत नाही."

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा जरा हलला. मग मी तो कोपरा हलवायच्या नादालाच लागले. एकदा माझ्या गालाला तेल लागलं होतं. त्याने स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं, मी भलताच गाल पुसला. त्याने दुसरीकडे बोट दाखवलं, मी गोंधळून पुन्हा तोच. शेवटी त्याने एक स्वच्छ फडकं माझ्यापुढे धरलं आणि स्वतः समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. थंडी होती म्हणा... पण तेवढी नव्हती.

दर शुक्रवारी तो आम्हाला जेट्टीपासून टाक्यांपर्यंत दीड किलोमीटरचा पाइप चालायला लावायचा. पाइप जिथे जिथे उंच चढतो, तिथे वर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो किंचित उघडायचा. तेल आलं तर पाइप भरलेला. नुसती हवा फुसफुसली तर आत पोकळी. जहाजाचं तेल आधी ती पोकळी भरतं आणि टाकीत तेवढं कमी पडतं. तेल कुठेही गेलेलं नसतं, पण कागदावर ते हरवतं. म्हणून जहाज रिकामं करायच्या आधी पाइप तपासायचा आणि मगच कागदावर 'पाइप भरलेला आहे' असं लिहून सही करायची. तो हे दर शुक्रवारी त्याच शब्दांत सांगायचा. बाकीची मुलं पाय ओढत, कुरकुरत मागे राहायची. त्याच्या बरोबरीने चालणारी मी एकटी.

त्या चालण्यातच आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. तो एका खोलीत एकटा राहतो, हे तिथे कळलं. आधी तो सर्व्हेयर होता. जहाजांवर जाऊन मापं घ्यायचा, सह्या करायचा. ते सोडून शिकवायला का आलास, असं मी विचारलं, तर म्हणाला, जमेना. मी त्याला हसवायची, तो मला चुका दाखवायचा, आणि दीड किलोमीटर फार लवकर संपायचे.

चौथ्या शुक्रवारी त्याने विचारलं, "तू या कामात का आलीस? खरं सांग."

बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी आमच्या घरात न बोलता ठरलेली गोष्ट मी त्याला सांगून टाकली. माझे बाबा याच बंदरावर टाकीची मापं घ्यायचे. सव्वीस वर्षं घेतली. सात वर्षांपूर्वी एका जहाजाचं तेल टाकीत फार कमी भरलं. जहाज म्हणालं, आम्ही पूर्ण दिलं. सर्व्हेयरच्या कागदात सगळं चोख होतं. मग चूक कुणाची? टाकी मोजणाऱ्याची. त्याने माप खोटं सांगितलं, कुणाला तरी सामील झाला, अशी बोलवा उठली. पुरावा मिळाला नाही, पण राजीनामा घेतलाच. तेव्हापासून बाबा घरात आहेत. खिडकीपाशी बसतात, विचारलं तर उत्तर देतात, आपण होऊन बोलत नाहीत. मला ते माप समजून घ्यायचं होतं, बस.

बोलता बोलता मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जहाज कुठलं होतं?" त्याने विचारलं. मी नाव सांगितलं. तो व्हॉल्व्हपाशी वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. मग, उशीर होतोय म्हणाला, आणि झपाझप पुढे निघून गेला.

त्यानंतर पाच दिवस तो माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलला नाही. माझी मापं तपासायला दुसऱ्याला पाठवायचा. मी समोर आले की वाट बदलायचा. मला कळायचं ते कळलं. चोराची मुलगी. सात वर्षांत ही नजर मी पुष्कळ पाहिली होती; कॉलेजात, शेजारात, जमत आलेल्या एका लग्नाच्या बैठकीत. पण त्याच्याकडून ती येईल असं वाटलं नव्हतं. त्या पाच दिवसांत मला जेवण गेलं नाही. आई म्हणायची, काय झालंय? मी म्हणायची, अभ्यास.

सहाव्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये नमुन्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. बाकी सगळे जेवायला गेले होते. तो आत आला आणि दाराशीच उभा राहिला.

"ते कागद मी लिहिले होते," तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही.

"तुझ्या बाबांच्या वेळचे. सर्व्हेयर मी होतो. नवा होतो, तेवीस वर्षांचा. पाऊस होता, वरिष्ठ घाई करत होते, म्हणाले, पाइप भरलेलाच असतो, लिही. मी एकही व्हॉल्व्ह उघडला नाही... नुसतं लिहिलं आणि सही केली. दोन महिन्यांनी दुरुस्तीची वही हातात आली. जहाज यायच्या आधी तीनच दिवस पाइप रिकामा केलेला होता."

"दोन महिन्यांनी," मी म्हणाले.

"हो."

"तेव्हा तुला कळलं."

"हो. तोपर्यंत त्यांनी राजीनामा दिला होता. मी ठरवायचो, उद्या सांगू... मग सर्व्हेयरचं काम सोडलं. वाटलं, तेवढं पुरे होईल."

माझ्या हातातली बाटली मी टेबलावर ठेवली. ती फुटू द्यायची नव्हती. खूप काही बोलावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी तो किती वाळलाय या पाच दिवसांत, हेही दिसत होतं. या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त राग आला.

"मला कशाला सांगतोस?" मी म्हणाले. "बाबांना सांग."

तो रविवारी सकाळी आमच्याकडे आला. मी आईला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तिने दार उघडलं, त्याला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. बाबा नेहमीसारखे खिडकीपाशी होते. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. बाबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. तो थांबला, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"पाइप रिकामा कधी केला होता?"

"जहाज यायच्या आधी तीन दिवस. सोमवारी."

"किती लांबीचा?"

"शेवटचे चारशे मीटर."

बाबा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. पुटपुटत होते. पाइपची रुंदी, लांबी, आकडे... इतकी वर्षं झाली तरी त्यांना ते पाठ होते. मग त्यांची बोटं थांबली.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं," ते म्हणाले.

"मिलिमीटरपर्यंत," तो म्हणाला.

"मला वाटायला लागलं होतं, माझेच डोळे चुकले. रोज वाटायचं. मी तीनदा घेतलं होतं ना माप, की दोनदाच? आठवेनासं झालं होतं."

सात वर्षांत बाबा एका दमात इतकं बोलले नव्हते. लोकांनी चोर म्हटलं, ते त्यांनी सोसलं असतं. पण स्वतःच्याच हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझं तर नाहीच, आईचंही लक्ष गेलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. डोळे पुसून ती त्याला म्हणाली, "तुम्ही चांगले आहात म्हणून आलात, असं मी म्हणणार नाही. फार उशिरा आलात, एवढंच म्हणेन."

"हो," तो म्हणाला, आणि निघाला.

त्याने सगळं लिहून कंपनीला दिलं, आणि जिथून त्याला सर्व्हेयरचा परवाना मिळाला होता त्या ऑफिसलाही. शिकवण्याचं काम त्याच आठवड्यात गेलं, पंधरा दिवसांत परवानाही. बाबांच्या नावाने कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं: माहिती मिळाली, प्रकरण जुनं असल्याने पुढे काही करता येणार नाही. बाबांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाले, "त्याचं काय झालं?"

मला तरी कुठे माहीत होतं? माझं ट्रेनिंग संपलं होतं, परीक्षेत मी दुसरी आले होते, आणि शेवटच्या शुक्रवारी पाइप आम्हाला दुसऱ्याच कुणी तरी चालवला. अर्ध्या रस्त्यातूनच परत फिरवलं. सगळे खूश झाले. मी एकटी पुढे टाक्यांपर्यंत चालत गेले आणि तिथे उभी राहून रडले.

त्याला फोन बाबांनीच केला. पत्राबद्दल दोन शब्द बोलून ते टाक्यांवर घसरले. जुन्या टाकीचा तळ दबला की माप कसं फसवतं, यावर अर्धा तास बोलणं चाललं. मग दर रविवारी तो फोन व्हायला लागला. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची, पण फोन ठेवा असं कधी म्हणाली नाही. माझं नाव दोघांच्याही बोलण्यात येत नसे. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायला विसरायची.

चार महिन्यांनी बाबा फोन ठेवून म्हणाले, तो चाललाय. दूरच्या गावात एका गोदामात काम मिळालंय, आज दुपारच्या बसने. मी चपला घातल्या. आईने पाहिलं. विचारलं काही नाही, फक्त छत्री पुढे केली.

स्टँडवर अवकाळी, थंडगार भुरभुर चालली होती. तो बाकावर एक बॅग घेऊन बसला होता. मला पाहून उठला.

"सांगायचा हक्क नाही मला," तो म्हणाला, "पण आता निघालोच आहे म्हणून... त्या शुक्रवारांची मी आठवडाभर वाट बघायचो."

"मीही."

त्याची बस लागली. कंडक्टरने गावाचं नाव पुकारलं. त्याने बॅग उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

"तू मला माफ केलंस का?"

मी खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. कधीकधी बाबांकडे बघते आणि वाटतं, कधीच करणार नाही. पुढेही वाटेल तसं. तुझ्याशी भांडता भांडता मध्येच ते काढीन. आई तर काढेलच."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणाले. "एवढं सगळं ऐकूनही राहावंसं वाटत असेल, तर बस चुकव."

कंडक्टरने दुसऱ्यांदा पुकारलं. दार आपटलं. चाकांनी चिखल उडवला, बस वळली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. तो बॅगेशेजारी तसाच उभा होता, भिजत. मी छत्री थोडी त्याच्या बाजूला सरकवली.