मामांची चूल

"अप्पा निघालेत गं विजू... अकराच्या एस्टीनं!" फोनवर आईचा, कमलम्माचा, थकलेला आवाज आला, आणि विजयमालाच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी ओट्यावरच पडली. वळसंग ते सोलापूर असं कितीसं लांब? पण तेवढं अंतर ओलांडायला तिच्या वडिलांना, शिवलिंगप्पांना, नऊ वर्षं लागली होती!

"तुझ्या हातचं जेवले, की उद्या तुला घरी घेऊन यायला कबूल झालेत," कमलम्मा धापा टाकत म्हणाली. "मी आता अंथरुणातनं उठत न्हाय, पोरी. डोळं मिटायच्या आदी एकदा तुझं तोंड बघू दे... त्यांना काही वावगं दिसू देऊ नको, तुला माझी शपथ हाय!"

"अव्वा, अगं..." पण फोन बंद झाला होता. विजयमाला स्वयंपाकघरातून ओसरीवर गेली, ओसरीवरून परत आत आली. काय करू? कुठं जाऊ? कारण मागच्या परसात, तीन दगडांच्या चुलीवर, सासऱ्यांचं पातेलं रटरटत होतं... आणि त्यात काय होतं, ते घमघमाटच सांगत होता. नेमका आजचाच दिवस!

गळ्यात इष्टलिंग घालणाऱ्या लिंगायत घरातली ही मुलगी. तिनं आपल्या मनानं धनगराच्या मल्हारशी, एस्टीच्या ड्रायव्हरशी, लग्न केलं, तेव्हा अप्पांनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, "ज्या घरात बकरं शिजतं, त्या घरचं पाणी मला चालायचं न्हाय. आणि त्या घरातलं माणूस माझ्या दारात चालायचं न्हाय." अप्पांचा शब्द म्हणजे शब्द! त्या दिवसापासून तिनं वळसंगाची वेस पाहिली नव्हती.

आणि सासरे? हरिबा! जन्म मेंढरामागं गेलेला. ती माप ओलांडून आली त्या दिवशी त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं होतं, "पोरी, तुझ्या लिंगाला काय चालत न्हाय तेवढं सांगून ठेव. आमी अडाणी माणसं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच परसात तीन दगड मांडले. एक जर्मनचं पातेलं, एक ताट, एक तांब्या बाहेर काढला. मल्हारनं तर लग्नानंतर मटण सोडलंच. पण हरिबा महिन्यातून एखाद्या वेळी स्वतः शिजवत, उन्हापावसात तिथंच बसून खात, राखेनं भांडी घासत आणि अंघोळ करूनच घरात पाऊल टाकत. पातेल्याला त्यांनी सुनेचा हात कधी लागू दिला नाही.

"मामा, निदान ओसरीवर तरी बसा की जेवायला," ती म्हणायची.

"मेंढरामागं उघड्यावरच जेवलोय जन्मभर. छपराखाली घास उतरत न्हाय मला," ते हसून म्हणायचे. तिनं ते खरं मानलं होतं. खरं मानणं सोयीचं होतं, हे ती आज स्वतःशी कबूल करत होती.

पण आजचं शिजणं साधं नव्हतं. गावाकडं बिरोबाची जत्रा होती, आणि दुखण्यातून उठलेल्या हरिबांना आयुष्यात पहिल्यांदा जत्रा चुकली होती. सकाळी चुलतभाऊ त्यांच्या वाट्याचा प्रसाद, बळीच्या बकऱ्याचं मटण, देऊन गेला होता. तो त्याच दिवशी खायचा, शिळा ठेवायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही, हा त्यांच्या देवाचा नेम! एकीकडं आईची शपथ, एकीकडं म्हाताऱ्याचा देव... आणि मल्हार गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला!

ती परसात आली. हरिबा फुंकणीनं जाळ फुंकत होते.

"मामा, माझे अप्पा येतायत. जेवायला... अव्वा लई आजारी आहे. ते इथं जेवले तरच मला तिला बघता येईल. आज... तुम्ही..."

हरिबांनी पातेल्याकडं पाहिलं. जणू चूक त्यांचीच झाली होती, अशा खालच्या आवाजात ते म्हणाले, "परसाद हाय पोरी, टाकता येत न्हाय. पर हितंच खायला पायजे, आसं कुटं हाय? कोपऱ्यावर लिंबाखाली बसतो की. पाव्हणं गेलं की हाळी मार."

त्यांनी स्वतःच जाळावर पाणी मारलं, दगडांवर पोतं टाकलं, आणि पातेलं घोंगड्याखाली धरून, ताट-तांब्या घेऊन ते लटपटत्या पायांनी निघाले. दारातून वळून म्हणाले, "इचारलंच, तर गावाला गेल्यात म्हणून सांग."

नका जाऊ मामा! एवढंच तर म्हणायचं होतं तिला... पण डोळ्यांपुढं आईचा सुकलेला चेहरा आला, आणि तिनं नुसतं दार लोटून घेतलं. मग तिनं परस धुतलं. ऊद लावला. पुन्हा एकदा परस धुतलं!

अप्पा आले. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा... आणि पिशवीत घरच्या पाण्याची बाटली. त्यांनी त्याच पाण्यानं लिंगपूजा केली आणि ते पानावर बसले. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, आणि त्यांच्या आवडीची शेंगापोळी. त्यांची नजर चुलीवरून, मांडणीवरून, कोनाकोपऱ्यातून फिरली.

"घर चोख ठेवलंयस," ते म्हणाले.

नऊ वर्षं ज्या शब्दांची आस धरली होती, ते शब्द! पण आज ते तिला काट्यासारखे रुतले.

"सासरे दिसत न्हाईत?"

"गावाला... गावाला गेलेत, अप्पा."

अप्पांचा पहिला घास हातातच राहिला. "मग तो म्हातारा कोण? लिंबाखाली एकटाच जेवत होता. मी मल्हार ड्रायव्हरचं घर विचारलं, तर त्यानं घाईघाईनं ताट झाकलं, हात धुतला, चार पावलं मागं सरला आणि लांबूनच दार दाखवलं. वर म्हणतो, 'पोरगी वाट बघतीया, जेवल्याबिगर जाऊ नगा.' अंगानं थरथरत होता गं... कोण तो?"

विजयमालाचा बांध फुटला. "तेच माझे सासरे, अप्पा! या घरात बकरं शिजतं. खोटं नाही बोलणार मी आता. पण नऊ वर्षांत माझ्या चुलीला त्याचा वासही लागू दिला नाही त्यांनी! तुमच्या लेकीच्या गळ्यातलं लिंग त्यांनी जपलं, स्वतःच्या घरात स्वतः परके होऊन... आणि मी? मी आज त्यांना देवाच्या प्रसादासकट रस्त्यावर बसवलं! नका जेवू तुम्ही. अव्वाला सांगा, विजू..." पुढचं हुंदक्यात बुडालं.

शिवलिंगप्पा उठले. परसात जाऊन त्यांनी पोतं उचललं. काळवंडलेले तीन दगड... त्यांनी हात लावून पाहिला, दगड अजून गरम होते. ते आत आले, ताट उचललं आणि चालू लागले. संपलं सगळं! विजयमालानं डोळे मिटून घेतले. मग दाराची कडी वाजली, तशी ती बाटली घेऊन मागं धावली.

अप्पा अनवाणी पायांनी, दोन्ही हातांत ताट धरून, भर उन्हातून लिंबाकडं चालले होते.

हरिबा गडबडून अर्धे उठले, घोंगडं ताटावर ओढू लागले. "पाव्हणं, हितं नगा! माझ्या ताटात..."

"ठाऊक हाय मला काय हाय ते. देवाचा परसाद असा झाकून खात्यात व्हय? सरका जरा, सावली तेवढीच हाय."

आणि ते धुळीत मांडी घालून बसले. वीतभर अंतरावर दोन ताटं. भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज येत होता. चटणीनं अप्पांना ठसका लागला, तशी विजयमालानं बाटली पुढं केली. अप्पांनी ती हातानं बाजूला सारली आणि हरिबांपुढं ओंजळ धरली.

"पाणी घाला की, पाव्हणं."

हरिबांनी गडबडीनं आपला तांब्या कलता केला. निम्मं पाणी ओंजळीत, निम्मं धोतरावर! अप्पा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मग लेकीकडं न बघताच म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं निघू. अव्वा वाट बघतीया... पाव्हणं, तुमी बी चला."

जेवणं झाली. सवयीनं हरिबांचा हात पातेल्याकडं गेला, पण विजयमालानं ते आधीच उचललं होतं.

"अगं पोरी, सोड! तू त्याला शिवू नगंस!"

"शिवणार, मामा," ती रडत म्हणाली आणि घरी येऊन परसातल्या नळाखाली पातेलं घेऊन बसली. मागोमाग आलेल्या हरिबांनी घाबरून व्याह्यांकडं पाहिलं.

शिवलिंगप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "विजू, राखेनं घास. तेलकट हाय, लवकर निघंल."