दहाच्या आकड्यावर दिवा

“कडेनं धरायचं. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. आणि काही झालं तरी घासायचं नाही.”

नाण्यांच्या मंडळातल्या घड्याळवाल्याचे हे शब्द तिला आठवले ते नळ बंद करताना... आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तळहातावरचं नाणं नव्या वाटीसारखं लखलखत होतं. नाण्यावरच्या राणीचे केस, नाक, ओठ – सगळं सपाट झालं होतं. बेसिनच्या कडेला दात घासायची पेस्ट उघडीच पडली होती. ती तिथेच स्टुलावर बसली. रडायचंही त्राण नव्हतं.

तिचे वडील जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. गर्दीत लोक त्यांच्या हातात न चालणारी, कुठल्या कुठल्या देशांची नाणी सरकवायचे. ते मुकाट्यानं पदरचे पैसे भरायचे आणि नाणं घरी आणायचे. अशी एकेचाळीस नाणी बिस्किटांच्या डब्यात साठली होती. राणीचं नाणं त्यांतलं पहिलं. ते देणारी प्रवासीण पुढे तिची आई झाली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता वडिलांची नजर चालली होती. आणखी तीन-चार महिनेच दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. “एकदा सगळी बघायची आहेत गं,” वडील म्हणाले होते, “मोठी करून.” ती “दाखवते” म्हणून बसली.

दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढून काढून संध्याकाळी तिचे पाय असे भरून यायचे, की चपला काढायच्याही जिवावर यायचं. तरी तिनं नेम धरला – रोज एका नाण्याचा फोटो, जेवणाआधी. फोटो यायचे ते काळे ठिक्कर, नाहीतर मधोमध पांढरा डाग. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ती वाचनालयाच्या माडीवर गेली. तिथे दर रविवारी नाणेसंग्राहकांचं मंडळ भरायचं.

जिन्यातच एक माणूस आडवा आला. काखेत टेबललॅम्प, हातांत हनुवटीपर्यंत पुस्तकं.

“दिवा धरता का जरा? पडला तर मंडळ अंधारात.”

“मी फोटो शिकायला आलेय. हमालीला नाही.”

“सुरुवात हमालीपासूनच असते आमच्याकडे.”

तिनं दिवा घेतला. तो माणूस घड्याळं दुरुस्त करणारा होता. शिकवणंही त्याचं तसंच. पुस्तकांच्या दोन चळतींवर मोबाईल आडवा, खाली नाणं.

“नाणं म्हणजे घड्याळ समजा. दिवा दहाच्या आकड्यावर. आता खाली आणा... अजून... हां. सावली पडू दे. सावलीशिवाय चेहरा उठत नाही.”

राणीचं नाणं तिनं दोन बोटांत कडेनं धरलं होतं. फोटो त्यानं स्वतःच्या मोबाईलवर काढला.

“हात थरथरतोय तुमचा.”

“सकाळपासून साठ जणांचं रक्त काढलंय.”

“तरीच,” तो दिव्याकडे बघत म्हणाला, “मलाही जरा अशक्त वाटायला लागलंय.”

कितीतरी दिवसांनी ती हसली. मग रविवार कधी येतो, याची ती वाट बघायला लागली... आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

निम्मी नाणी उरकली. राणीचा फोटो मात्र तिला आपल्या हातानं काढायचा होता, आणि तो काही केल्या उठेना. शनिवारी संध्याकाळी दमल्या डोक्याला वाटलं – जरा उजळलं तर?

रविवारी तिनं ते नाणं मंडळाच्या टेबलावर ठेवलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी भिंग लावलं आणि खुर्चीत मागे टेकले.

“ताई, अहो, कितीतरी वर्षांचा काळेपणा होता तो. त्यामुळेच ती दिसत होती. वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं.”

“करा,” ती म्हणाली. “बसवतही नाहीये मला.”

मास्तर वरमले. चहा सांगतो म्हणून उठून गेले.

घड्याळवाल्यानं नाणं कडेनं उचलून दिव्याखाली घेतलं. त्यानं दिवा दहावर ठेवला, नवावर, दोनवर, पार टेबलाला टेकवला. सावली कुठे पडेचना. मग तिनं त्याला बसमधल्या त्या प्रवासिणीची गोष्ट सांगितली, थांबत थांबत. त्यानं ती पुरी ऐकली आणि पिशवीतून एक पाकीट काढून पुढे सरकवलं.

आत ताटाएवढा फोटो होता. पहिल्या रविवारचा. केसांच्या वळ्यांत काळेपणा, नाकाखाली इवलीशी सावली... राणी जशीच्या तशी. आणि कडेला तिची दोन बोटं.

“मंडळाचा नियम आहे,” तो हळूच म्हणाला, “फोटोत बोट येता कामा नये. कापून टाकायचं असतं.”

“मग?”

“तीन आठवडे कात्री घेऊन बसतोय... होत नाही.”

ती फोटोकडेच बघत राहिली. मान वर करायचा धीर होईना.

“हा दाखवला तर बाबांना काही कळणार नाही,” ती शेवटी म्हणाली.

“डोळ्यांना नाही कळणार. पण उद्या त्यांनी डबा उघडून हात घातला तर?”

एकेचाळीस नाण्यांतून वडील ती राणी न बघता, नुसत्या बोटांनी ओळखून उचलत. तिला ते ठाऊक होतं.

“आधी सांगा. मग दाखवा,” तो म्हणाला. “कबूल?”

“फार वाईट वाटेल त्यांना.”

“वाटेल. मी येऊ बरोबर? अर्धी बोलणी मी खाईन.”

“आज नको. आजची माझी मलाच खाऊ द्या.” ती उठली. “पुढच्या रविवारी या. निम्मी नाणी राहिलीत... दिवा धरायला कुणीतरी लागेल.”

“हमाली?”

“सुरुवात तिथूनच असते.”

तो हसला, आणि दिव्याची वायर उगाचच गुंडाळत बसला.

“कबूल. आधी सांगेन, मग दाखवेन,” ती म्हणाली.

फोटो तिनं छातीशी धरला. पाय दुखतच होते. जिन्यात तिनं पर्समधून नाणं काढलं, कडेनं दोन बोटांत धरलं, आणि एकेक पायरी उतरत घराकडे निघाली.