काय म्हणाली हो ती?

तो दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. हं. आता, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसभावावर गुदरलेली आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो.

दादा छापखान्यात कामाला. तिथे एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि समोरचा छापलेल्यातल्या चुका शोधायचा. त्यातला वाचणारा दादा. तीस वर्षं वाचलं. मग संगणक आले, समोरचा माणूस गेला, आणि दादाकडे गठ्ठे पोचवायचं काम आलं. लग्न केलंच नव्हतं. घरी थोरली बहीण होती, तीही दोन वर्षांपूर्वी वारली. बसमध्ये कुणाला "जरा सरका" म्हणेल, दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं.

गेल्या जानेवारीतला तिसरा शुक्रवार. शहरातल्या जुन्या नाट्यगृहात रात्री साडेनऊचा प्रयोग होता. त्याची माहितीपत्रकं पोचवायला दादा गेला. तिथला व्यवस्थापक भला माणूस. म्हणाला, "आलाच आहात तर बघून जा. खाली मुंगीला जागा नाही, वर गॅलरीत बसा. जिना अरुंद म्हणून तिथली तिकिटं आम्ही विकत नाही."

घरी कोण वाट बघत होतं? दादा वर गेला. करकरणारा लाकडी जिना, हात लागून लागून गुळगुळीत झालेला कठडा, छतावर शंभर वर्षांपूर्वी रंगवलेली वेलबुट्टी. खाली सहाशे माणसं. वर हा एकटा.

तिसरी घंटा झाली. अंधार झाला. नाटक जरा रंगात आलं, तोच डावीकडून आवाज आला, "काय म्हणाली हो ती?"

दादानं वळून पाहिलं. डोक्यावरून घेतलेली शाल तेवढी दिसली. आली असेल मागाहून कुणी म्हातारी, ऐकायला कमी येत असेल. तो कुजबुजला, "नवऱ्याला म्हणतेय, पत्र मीच लपवलं."

"अगंबाई! मग?"

झालं. दादा सांगतच सुटला. दोन वर्षांत त्याला 'मग?' असं कुणी विचारलंच नव्हतं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. चहाला गेली असेल. दिवे गेले आणि आवाज परत आला, तेव्हा दादाला केवढं बरं वाटलं!

नाटक संपलं. टाळ्या पडल्या. पडदा पडला. दादा उठू लागला.

"थांबा ना. काय म्हणाली ती?"

"संपलं हो, बाई."

"नाही... अजून बोलतेय."

दादानं खाली पाहिलं. पडदा बंद. माणसं गेलेली. एकेक दिवा मालवत चाललेला.

"मला... काही ऐकू येत नाही."

"मग तुम्हीच सांगा काहीतरी."

आणि दादा खाली बसला. बोलू लागला. बहिणीचं आजारपण. रिकामं घर. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सगळं. ती नुसतं म्हणायची, "मग?"

एकदम डोळ्यांवर बॅटरीचा झोत. रखवालदार.

"काका... कुणाशी बोलताय?"

"या बाईंशी..."

झोत शेजारी फिरला. रिकामी खुर्ची. तिच्यावर धुळीचा जाड थर. कुणी टेकल्याची खूण नाही.

"सव्वादोन वाजलेत, काका. अर्धा तास मी दारात उभा आहे. पाऊल उचलत नव्हतं. तुम्ही बोलता... थांबता... हसता... परत बोलता."

दादा उठला. कठडा धरला. आणि तेव्हाच, अगदी कानाला लागून, ती काहीतरी बोलली.

रखवालदाराला ऐकू आलं नाही. दादाला आलं.

...

माझ्याकडे असं बघू नकोस गं. मीही विचारलं त्याला. तीनदा. तो नुसता मान खाली घालतो.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं ठीक आहे म्हणतात. पण त्याचा डावा कान... मी स्वतः हात लावून पाहिलाय. भर मे महिना, दुपारचे दोन, दोघंही घामानं निथळत होतो.

उजवा कान तापलेला.

डावा... बर्फ.