तुम्हाला लागू नये म्हणून

"यांना किती दिसतं?" असे त्याने माझ्यादेखत माझ्या भावाला विचारले, आणि आमच्या परिचयाचा शुभारंभ झाला.

"यांना ऐकू मात्र उत्तम येतं," मी म्हणाले.

उपकरण-केंद्रातला तो तंत्रज्ञ ओशाळला, मग हसला. ते हसणे मला आवडले, म्हणून मी आठवडाभर स्वतःवर चिडून होते.

त्याने मला दिलेल्या चष्म्याच्या दांडीतला इवलासा कॅमेरा समोरचे टिपून माझ्या कानात सांगायचा: पायरी, दार, माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव. दर शनिवारी तो चष्मा तपासायला माझ्या अभ्यासिकेत येई. काम संपे, चहा निवे... तो उठत नसे.

"बाई, पुस्तकांवर धूळ आहे हो."

"ती माझ्याहून ज्येष्ठ आहे. हात लावू नका."

मग एका सभागृहात जुन्या शब्दकोशांवर माझे व्याख्यान झाले. चष्मा अखंड कुजबुजत होता – श्रोते हसतमुख, श्रोते हसतमुख. मी खुलले, लांबले, विनोदही केले. बाहेर पडताना वहिनी म्हणाली, "वन्सं, आवरायचं होतं हो. लोक जांभया देत होते. मागची रांग तर हळूच उठून गेली."

शनिवारी त्याने कबूल केले. "कंटाळा, कीव, जांभई... चष्म्याचं एवढं सांगणं बंद ठेवलं होतं मी. तुम्हाला लागू नये म्हणून."

"वा! डोळे आजाराने नेले, ते निदान माया न दाखवता. आपण तर उरलेले मायेने नेलेत! माझ्या वाट्याच्या जांभया परस्पर गिळायला तुम्ही माझे कोण?"

"तेच... विचारायचं होतं."

"आधी सगळं सुरू करा. मग समोर बसा."

त्याने केले. चष्मा निर्विकारपणे म्हणाला – समोर पुरुष, घाबरलेला.

"घाबरलात?"

"हो. चष्मा परत केलात, तर शनिवारी यायला मला निमित्त उरणार नाही."

मी चष्मा काढून ठेवला. माझ्या नजरेच्या ऐन मध्यावर एक करडा डाग आहे. ज्याच्याकडे थेट पाहावे, तोच पुसला जातो. मी खिडकीकडे मान वळवली.

"तोंड फिरवलंत?" त्याचा आवाज पडला. मग, धंदाच तो त्याचा, त्याला उमगले. "तुम्ही... मला पाहताय?"

"कडेकडेने. राग तसाच आहे. चष्मा ठेवून घेतेय, तुमचं काय करायचं ते ठरवतेय," मी म्हणाले. "आणि हलू नका – आत्ता कुठे दिसायला लागलायत."